परक्या गावात सेवेला जाताना : नागपूरचे डॉ. चोळकर आणि १९३८चे वैद्यकीय पथक

१९३८च्या जुलै महिन्यात नागपुरात बोलायला विषय एकच होता. मध्य प्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत) यांनी राजीनामा दिला, लगोलग नवे मंत्रिमंडळ बनवले, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना धारेवर धरले आणि महिनाअखेर त्यांच्या जागी पंडित रविशंकर शुक्ल आले. या गदारोळात याच शहरातले दुसरे एक डॉक्टर परदेशी जाण्याच्या बेतात होते. डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे त्यांचे नाव. असहकाराच्या दिवसांपासून नागपूरच्या काँग्रेसच्या कामात हे नाव भेटते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून ‘राजपुताना’ या बोटीने चीनकडे निघाले. गंमत अशी, की खरे प्रकरणात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून सुभाषबाबूच होते आणि चीनला पथक पाठवण्याची खटपट करणारेही सुभाषबाबूच.

पथकात पाच जण होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने काम करून आलेले. उपप्रमुख आपले डॉ. चोळकर, पाचांत वयाने सर्वांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. आणि सोलापूरचे, मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण न झालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

कोटणीसांचे नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटाने ते काम केले. पण त्या नावाच्या उजेडात बाकीचे चौघे अंधारात गेले आणि नागपूरकर असून मलाही चोळकरांचा पत्ता बसूंच्या रोजनिशीवरून लागला. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मी दुकानांचे हिशेब लिहिणारा माणूस. रविवार आणि संध्याकाळी वाचनालयात जातात. हिशेबाच्या सवयीने असेल, पण या पथकाबद्दल वाचताना शौर्याच्या कथांपेक्षा मला बारीकसारीक गोष्टी जास्त अडवून ठेवतात. ही माणसे कुणाच्या घरात झोपली? काय खाल्ले? त्यांना हाका कोणत्या नावाने मारल्या? कुणाच्या भांडणात पडायचे आणि कुणाच्या नाही, हे त्यांनी कसे ठरवले? परक्या मुलखात सेवेला जाणाऱ्याने वागावे कसे, हा माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. त्याची उत्तरे ग्रंथांत शोधण्यापेक्षा या पाच जणांच्या वागण्यात शोधलेली बरी.

त्यासाठी आधी एक अप्रिय गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १९३८ साली चिनी माणसाच्या डोळ्यांसमोर ‘हिंदी माणूस’ म्हटले की डॉक्टर येत नव्हता. शांघाय आणि हाँगकाँगच्या रस्त्यांवर इंग्रजांच्या नोकरीतला दंडुकेवाला शीख पोलीस उभा असे. शांघायच्या लोकांनी त्याला लाल डोक्याचा म्हणून टिंगलीचे नावही दिले होते. त्याआधी अफूची युद्धे झाली. १९०० साली बॉक्सर बंड मोडायला गेलेल्या फौजांत हिंदी पलटणी होत्या. आणि चीनच्या किनाऱ्यावर उतरणारी अफू? ती बंगालची तशी माळव्याचीही होती आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे. सर जमशेटजी जिजीभाईंच्या संपत्तीचा मोठा वाटा चीनच्या व्यापारातला, त्यात अफूही होती. ज्या जे. जे. इस्पितळाने मुंबईच्या गरिबांचे प्राण वाचवले त्याच्या पायात ते पैसे आहेत. हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. चीनशी आपले खाते कोऱ्या पानावर सुरू झालेले नव्हते, एवढेच सांगायचे आहे.

काँग्रेसला याची जाणीव होती. १९२७ साली इंग्रजांनी शांघायला हिंदी सैन्य पाठवले तेव्हा तिने निषेध केला. त्याच वर्षी डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाने चीनला वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवले, पण सरकारने पासपोर्टच नाकारले. म्हणजे १९३८चे पथक हा दुसरा प्रयत्न. ७ जुलै १९३७ रोजी जपानने पेकिंगजवळ युद्ध पेटवले. नोव्हेंबरात आठव्या मार्ग सेनेचे सरसेनापती चू देह यांनी जवाहरलालजींना पत्र लिहून मदत मागितली. देशभर ‘चीन दिन’ पाळले गेले, रस्त्यांवर झोळ्या फिरल्या, सुमारे २२,००० रुपये जमले. इथे एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. मदत मागितल्यावर दिली गेली. आपल्याला वाटले म्हणून कुणी उठून गेले नाही. बोलावणे आले, काय हवे ते विचारले, मग डॉक्टर, औषधे, शस्त्रक्रियेची सामग्री आणि रुग्णवाहिका निघाली. आज पुरात, भूकंपात ट्रक भरभरून जुने कपडे पाठवणाऱ्यांनी हा क्रम पाहावा.

१७ सप्टेंबरला पथक कँटनला उतरले. स्वागताला मादाम सुन यत सेन, म्हणजे सुंग छिंगलिंग, स्वतः आल्या होत्या. तिथून चांगशा, हांकाऊ, इचांग आणि नोव्हेंबरात चुंगकिंग, असा प्रवास झाला. मागून जपानी सैन्य एकेक शहर घेत येत होते, त्यामुळे प्रवास कसला, माघारच ती. कँटन आणि हांकाऊ दोन्ही ऑक्टोबरात पडली. या काळात पथक चिनी रेडक्रॉसच्या अखत्यारीत सरकारी इस्पितळांतून काम करत होते.

चुंगकिंगला एक लहानसा समारंभ झाला, आणि तो मला सगळ्या स्वागतसभांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे संचालक तान युन-शान तेव्हा तिथे होते. त्यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. चिनी लिपीत परके नाव लिहायचे तर उच्चाराला जवळची अक्षरे निवडावी लागतात, आणि प्रत्येक अक्षराला अर्थ असतो. त्यामुळे नाव देणे हे नुसते लिप्यंतर राहत नाही. तानांनी प्रत्येकाच्या आडनावाचे पहिले अक्षर चिनी आडनाव होईल असे घेतले आणि शेवटी सर्वांना ‘हुआ’ जोडले. हुआ म्हणजे चीन. अटल झाले आय दहुआ, कोटणीस के दिहुआ, बसू बा सुहुआ, मुखर्जी मू कहुआ आणि नागपूरचे चोळकर झाले च्वो कहुआ.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा. ‘डॉक्टर कोटणीस’ हे शब्द होपेईच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसणे कठीण. पण आडनाव ‘के’ झाले की त्याच्यापुढे ‘लाओ’ लावता येते. लाओ म्हणजे म्हातारा, जुना. पण ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाला प्रेमाने हाक मारताना तो लावतात. आपल्याकडे आडनावामागे ‘भाऊ’ किंवा ‘राव’ लावून माणूस जवळ करतात तसे. तिशीतल्या कोटणीसांना लोक लाओ के म्हणू लागले. ज्याला हाक मारता येते त्याच्याकडे दुखणे घेऊन जाता येते. वैदर्भीय माणसाला हे समजावून सांगायला नको. ‘साहेब’ म्हणायला लागले की आपण अर्धे दुखणे घरीच ठेवून येतो.

चुंगकिंगमध्ये दुसरा एक पेच होता, आणि तो नावासारखा गोड नव्हता. चीनमध्ये सरकार च्यांग कै-शेक यांचे. आघाडीवर जपानशी लढणाऱ्यांत च्यांगचे सैन्य आणि कम्युनिस्टांची आठवी मार्ग सेना दोघेही. वरवर त्यांची युती होती, आतून संशय. पथक कुणाचे? यजमानांच्या घरात भाऊबंदकी चालू असताना पाहुण्याने कोणाच्या पंगतीला बसायचे? हिंदी डॉक्टर दोन्ही बाजूंशी सभ्यपणे वागले. सरकारी रुग्णालयांत राबले, पण मूळ पत्र चू देह यांचे आहे, तेव्हा आम्हाला येनानला जाऊ द्या, ही मागणी त्यांनी सोडली नाही. सरकारी बाजूला ते रुचत नव्हते. शेवटी २२ जानेवारी १९३९ रोजी ते चुंगकिंगहून निघाले. त्याच महिन्यात कोटणीसांना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली होती. घरी परतण्याची मोकळीक होती. ते पुढे गेले.

पाहुण्याच्या पेचाचे उलटे उदाहरण तेव्हाच आपल्या शेजारी घडत होते, म्हणून थोडे विषयांतर करतो. १९३३ साली फुजी गुरुजी हे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि पुढे त्यांचे शिष्य सेवाग्राम आश्रमात राहिले. गांधीजी जपानच्या चीनमधल्या आक्रमणाचा स्पष्ट निषेध करत होते, आणि त्याच आश्रमाच्या प्रार्थनेची सुरुवात जपानी भिक्षूंच्या मंत्राने होत होती. भिक्षू डोल वाजवत, आश्रमाची कामे करत, राजकारणाबद्दल यजमानांशी हुज्जत घालत नसत. जपान महायुद्धात उतरल्यावर इंग्रजांनी आश्रमातल्या भिक्षूला पकडून नेले. पण आश्रमाच्या प्रार्थनेत तो मंत्र राहिला. नागपूरहून ८० किलोमीटरांवर घडलेली ही गोष्ट मला चोळकरांच्या गोष्टीची जुळी बहीण वाटते.

१२ फेब्रुवारी १९३९ला पथक येनानला पोचले. तीन महिन्यांपूर्वीच जपानी विमानांनी गाव उद्ध्वस्त केले होते आणि लोक पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या घरांत राहत होते. इस्पितळही तशाच घरांत. जेवण मुख्यतः राळ्याचे. विदर्भात राळा पाखरांना घालायचे धान्य होऊन गेले आहे. तिथे ते सैनिकाचे, शिक्षकाचे आणि सेनापतीचेही रोजचे अन्न होते.

आठव्या मार्ग सेनेचे म्हणून काही नियम होते. त्यांची यादी एडगर स्नोच्या १९३७च्या ‘रेड स्टार ओव्हर चायना’मुळे इंग्रजी वाचकांना ठाऊक झाली होती आणि जवाहरलालजींच्या पिढीने ते पुस्तक आवडीने वाचले होते. त्या यादीतला पहिला नियम वाचून मी थबकलो. घर सोडताना दारे परत बसवा. दारांचा काय संबंध? संबंध असा. उत्तर चीनच्या खेड्यात दाराची फळी बिजागरीला खिळलेली नसते. वरखाली लाकडी खोबणीत बसवलेली असते, उचलली की निघते. मुक्कामाला आलेला शिपाई ती काढून दोन बाकांवर टाकतो आणि वर गवत पसरून झोपतो. सकाळी पलटण निघून जाते. मागे घर उघडे, दार भलतीकडे. आणि पाच घरांची दारे एकमेकांत मिसळली तर आणखीच पंचाईत, कारण प्रत्येक दाराचे माप वेगळे. म्हणून नियम : दार ज्याचे त्याला, जागच्या जागी. दुसरा नियम गवत नीट गुंडाळून परत देण्याचा. मग नम्रपणे बोला, उसने घेतलेले परत करा, मोडले तर भरून द्या, विकत घेतलेल्याचे पैसे चुकते करा. शेवटचा नियम, संडास घरांपासून लांब खणा.

१९२८च्या सुमारास माओंच्या सैन्यात हे नियम रचले जाऊ लागले, पुढे वेळोवेळी बदलले. जुन्या एका यादीत बायकांच्या नजरेसमोर आंघोळ करू नये असेही होते. एकाही कलमात क्रांतीचे नाव नाही. ज्यांच्या घरी आपण न विचारता येऊन पडलो त्या माणसाला सकाळी उठून आपला राग येऊ नये, इतकाच विचार. मला ही यादी आपल्या संतांच्या किंवा गाडगेबाबांच्या जातकुळीची वाटते. गाडगेबाबा एखाद्या गावी गेले की आधी झाडू हाती घेत, कीर्तन रात्री.

परक्या डॉक्टरांना हे नियम शिकवावे लागले की पाहून उमजले, हा प्रश्न फारसा उरत नाही, कारण आघाडीवर गेल्यावर त्यांचे काम त्याच दारांवर चालले. खेड्यापाड्यांत उभारलेल्या फिरत्या इस्पितळात शस्त्रक्रियेचे टेबल म्हणजे बहुधा कुणाच्या तरी घराचे दार असे. जखमी त्याच फळीवरून उचलून नेत. रक्त लागलेले दार धुऊन परत खोबणीत बसवणे हे काम वैद्यकीय महाविद्यालयात कुणी शिकवत नाही.

पाचांपैकी अटल, बसू आणि कोटणीस १९३९च्या अखेरीस आघाडीकडे निघाले आणि डिसेंबरात शान्सी प्रांतात चू देह यांना भेटले. म्हणजे ज्यांनी पत्र लिहिले त्यांच्यापर्यंत उत्तर पोचायला दोन वर्षे लागली. १९४०च्या सुरुवातीला प्रकृतीमुळे अटल परतले. उरले बसू आणि कोटणीस. त्या वर्षाच्या उत्तरार्धात शंभर पलटणींची म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी मोहीम झाली. चिनी नोंदींप्रमाणे कोटणीसांच्या तुकडीने १३ दिवसांत ८००वर जखमी हाताळले. पुढे बसू येनानला गेले. जानेवारी १९४१मध्ये कोटणीस होपेईतल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले.

ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, ते नॉर्मन बेथ्यून कॅनडाचे. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. महिना शंभर युआनचा भत्ता त्यांना देऊ केला होता, तो त्यांनी नाकारला. कामाला वाघ, पण स्वभाव तापट. हलगर्जी दिसली की समोरच्यावर तुटून पडत, आणि चिनी भाषा फारशी येत नसल्याने तुटून पडणेही दुभाषाच्या तोंडून व्हायचे. त्या दुभाषाची मला नेहमी कीव येते. माणूस मोठा, यात शंका नाही. पण कोटणीसांचा मार्ग निराळा होता, आणि तो भाषेतून जात होता.

कोटणीसांनी चिनी बोलायला, मग वाचायला, मग लिहायला शिकून घेतले. रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय शाळेत ते चिनी भाषेतून शस्त्रक्रियाशास्त्र शिकवत. विद्यार्थी शेतकऱ्यांची पोरे, हाताशी पाठ्यपुस्तक नाही, म्हणून त्यांनी चिनीतून पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. एक भाग पुरा झाला, दुसरा लिहिता लिहिता ते गेले. मराठी शिकून विदर्भातल्या मुलांना मराठीतून वैद्यक शिकवणारा एखादा परदेशी डॉक्टर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे याचे वजन कळेल. आपण अजून आपल्याच मुलांना मराठीतून वैद्यक शिकवू शकलेलो नाही, ते सोडा.

भाषा आली की माणूस पाहुणा राहत नाही. त्याला टोमणा कळतो, विनोद कळतो, आजीने सांगितलेले अर्धवट दुखणेही कळते. आजारी सैनिक आणि गावकरी कोटणीसांना ‘काळी आई’ म्हणत, असे चिनी आठवणींतून येते. रंगावरून आणि मायेवरून पडलेले नाव. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी काळी आई म्हणजे जमीन. सोलापूरच्या काळ्या मातीतल्या माणसाला हजारो मैलांवर तेच नाव मिळावे, आणि देणाऱ्याला या योगायोगाची कल्पनाही नसावी.

होपेईत कोटणीस होते तो काळ उपासमारीचा होता. जपानी सैन्य गावेच्या गावे जाळत होते, वर दुष्काळ. १९४२च्या फेब्रुवारीत त्या विभागाचे सेनापती निए रुंगचेन यांनी एक विलक्षण हुकूम काढला : गावांच्या आसपासच्या पॉप्लरच्या आणि एल्मच्या झाडांची पाने सैन्याने तोडायची नाहीत. ती पाने गावकऱ्यांना खायला लागतात. सैनिकांनी लांब डोंगरात जाऊन पाला शोधावा. दार परत बसवण्याचा नियम आणि हा पाल्याचा हुकूम एकाच माळेतले. मदत करायला आलेला माणूसही जेवतो, पाणी पितो, जागा अडवतो. त्याच्या असण्याचा भार कुणीतरी सोसत असते. तो भार मोजण्याची सवय या सैन्याला होती. कोटणीस त्याच शिध्यावर राहिले.

१९४१च्या अखेरीस त्यांनी त्याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. नाव सुचवले सेनापती निए यांनी : यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच जुलैत ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. इथे माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते सांगून टाकतो. चुंगकिंगला जो पाहुणा यजमानांच्या भांडणात न पडण्याची कसोटी पाळत होता, तो १९४२ साली एका बाजूचा झाला. कुणी याला शिष्टाचाराचा भंग म्हणेल. मी म्हणत नाही. ज्याचे घर, बायको, मूल, विद्यार्थी, भाषा सगळे तिथले झाले, त्याला पाहुण्याचे नियम कुठवर लावायचे? पण तो निर्णय त्यांचा होता, पथकाचा नव्हता, हे वेगळे ठेवले पाहिजे. काँग्रेसने पाठवलेले पथक सगळ्या चीनसाठी होते.

आता चोळकरांकडे वळतो. पथकाची मुदत मुळात वर्षाची होती. वय आणि प्रकृती यांमुळे चोळकर १९३९ सालीच परतले. आजारपणामुळे मुखर्जीही परतले. बहुतेक चरित्रांत ही गोष्ट एका वाक्यात उरकलेली असते. वाक्य वाचताना असे वाटते, की हे दोघे जणू परीक्षेत मागे पडले. कोटणीसांची कथा सांगायची म्हणजे बाकीच्यांना स्टेशनावर उतरवून द्यावेच लागते.

मला हे अन्यायाचे वाटते. ज्येष्ठ वयात, काँग्रेसच्या कामात अर्धे आयुष्य घालवलेला एक नागपूरकर डॉक्टर बोटीवर चढतो, बॉम्बवर्षावातून शहरामागून शहर मागे टाकत अर्धा चीन ओलांडतो, येनानच्या फेब्रुवारीच्या थंडीत मातीच्या खोलीत राहून काम करतो, आणि आपली प्रकृती साथ देत नाही हे ओळखून मागे फिरतो. आघाडीवर आजारी पडलेल्या परदेशी डॉक्टरला उचलायला चार माणसे लागतात, एक दार लागते, आणि ते दार कुणाच्या तरी घराचे असते. परतीच्या रस्त्यावर निघणे हा सेवेचाच भाग आहे. स्वयंसेवक कामाला येतो तेव्हा त्याचे कौतुक होते. कधी जावे हे त्याला कळले तर त्याबद्दल कुणी हार घालत नाही.

कोटणीसांनी उलटे केले. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीसाठी विभाग सोडून जाण्याचा सल्ला वरिष्ठांनी दिला. त्यांनी तो मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, झटक्यांमागून झटके येऊन ते गेले. मूल साडेतीन महिन्यांचे होते. त्यांचे राहणे थोर होते यात मला शंका नाही. पण ते ज्या विद्यार्थ्यांना शिकवत होते आणि जे पुस्तक लिहीत होते, त्यांच्या बाजूने विचार केला, तर वर्षभर विश्रांती घेऊन परत आलेले कोटणीस मला जास्त हवे होते. असे लिहिणे काही वाचकांना रुचणार नाही. बलिदानाच्या कथा ऐकायची आपल्याला सवय आहे आणि त्या कथांत विश्रांतीला जागा नसते.

पाचांत शेवटी परतले बसू, १९४३ साली. त्यांनी पुढे चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि कलकत्त्यात त्याचा प्रसार केला. जो शिकवायला गेला तो शिकूनही आला, हे मला फार आवडते. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ साली वारला. क्वो छिंगलान २०१२पर्यंत होत्या. अनेकदा भारतात येऊन गेल्या, आपल्या संसाराची आठवण सांगणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. मधल्या काळात १९६२ झाले. त्यानंतर कित्येक वर्षे ‘चीनला मदत केली’ ही गोष्ट सभेत सांगण्यासारखी राहिली नाही. ज्यांच्याशी युद्ध झाले त्यांच्या जखमा आपल्या माणसांनी कधी बांधल्या होत्या, हे सांगायला लोक संकोचू लागले. चीनकडून मात्र ते खाते बंद झाले नाही. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे, आणि २००६ साली हू जिंताओ मुंबईला आले तेव्हा कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटले.

सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घरी स्मारक झाले आहे. नागपुरात मी ज्यांना ज्यांना चोळकरांबद्दल विचारले त्यांतल्या बहुतेकांनी आधी खरे प्रकरण सांगितले, मग १९२०चे अधिवेशन, मग झेंडा सत्याग्रह. चीनचा उल्लेख एका वृद्ध वैद्यांनी केला, तोही ‘कोटणीसांबरोबर इथलं कुणीतरी गेलं होतं ना?’ असा. आणखी शोध घेऊ पाहणाऱ्यासाठी एवढे सांगून ठेवतो : नागपूरच्या चळवळीच्या इतिहासात त्यांना चोळकर म्हणून शोधावे, चिनी पुस्तकांत ते च्वो कहुआ या नावाखाली सापडतात, आय दहुआंच्या नंतर आणि के दिहुआंच्या आधी.